दिवेलागणीचा थेंब

डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते असं कळलं की लग्नात, बारशात, अगदी मयताच्या घरीसुद्धा लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, "गाजर खाल्लं की नंबर उतरतो का हो?" नाही उतरत. इतकी वर्षं हे एकच उत्तर दिलं आणि ते कोणालाही पटलं नाही. निवृत्त झाल्यावर तरी हा प्रश्न थांबेल असं वाटलं होतं, तेही झालं नाही. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहायचं ठरलं तेव्हा गमतीचे प्रसंग पुष्कळ आठवले. पण कागद पुढे ओढला तर समोर चांदीप गावचे दामोदरकाका आणि हिराकाकूच येऊन बसले. त्यांची गोष्ट गमतीची नाही. तरी तीच लिहिते.

विरार पूर्वेला एका खासगी नेत्ररुग्णालयात मी तंत्रज्ञ होते. नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, मशीनवर नजरेचा पसारा तपासणं आणि औषध घालायला शिकवणं ही माझी कामं. कोणतं औषध ते डॉक्टर ठरवायचे. ते डोळ्यात कसं आणि कधी घालायचं हे माणसाच्या डोक्यात उतरवणं माझ्याकडे होतं. बाहेरच्याला हे काम फार किरकोळ वाटेल. बाटली उघडायची, थेंब टाकायचा, यात शिकवायचं काय? मलाही नोकरीला लागले तेव्हा तसंच वाटलं होतं.

काचबिंदूचे पेशंट आले की निम्मा वेळ "म्हणजे मोतीबिंदूच ना?" या प्रश्नात जायचा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढलं, नवं बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी सुनेच्या साडीचा रंग सांगतो. काचबिंदूत बदलून टाकावं असं काही नसतं. डोळ्याच्या आत सारखं थोडं थोडं पाणी तयार होत असतं आणि वाहून जात असतं. ते नीट वाहून गेलं नाही की आतला दाब वाढतो आणि मागची नस दबून हळूहळू मरते. नजर कडेकडेने जाते. दुखत नाही, लाल होत नाही. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो. माणूस समोरचं वर्तमानपत्र वाचतो आणि बाजूने येणारी सायकल त्याला दिसत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फक्त उरलेली टिकते.

म्हणजे ज्या औषधाने काहीही बरं वाटत नाही, उलट डोळा चुरचुरतो, ते रोज, ठरल्या वेळेला, मरेपर्यंत घालायचं. बहुतेकांना संध्याकाळचं औषध असायचं, दिवसातून एकदाच. त्याचा असर साधारण दिवसभर राहतो, म्हणून आज सातला आणि उद्या आठवलं तेव्हा असं करून चालत नाही. मध्ये खंड पडला की दाब पुन्हा चढतो, आणि चढलेला कळत नाही. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे एक गृहस्थ दर तपासणीला उत्तम दाब घेऊन यायचे आणि नजर मात्र दर खेपेला कमी व्हायची. शेवटी त्यांच्या बायकोने सांगितलं की बाटली फक्त आमच्याकडे यायच्या आदल्या संध्याकाळी उघडते. याउलट सांडोरच्या एक मावशी होत्या. संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायच्या आधी थेंब घालायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात पाहुणे असोत, ताप असो, रोझरी चुकली नाही म्हणून थेंबही चुकला नाही. त्या अजून केळीच्या बागेतून एकट्या फिरतात. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारायची, रोज न चुकता संध्याकाळी तुम्ही काय करता? त्याला औषध बांधून टाका.

दामोदरकाकांना हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर हिराकाकूंनी दिलं. "मी देवाजवल दिवा लावते. त्याच्या मागून घालीन."

दोघं साठीच्या पुढची. भातशेती, थोडी भाजी, एकच मुलगा प्रकाश. तो नोकरीला लागून नायगावला फ्लॅट घेऊन राहत होता. काकांचा काचबिंदू सापडला तो चष्म्याचा नंबर काढायला आल्यावर. उजव्या डोळ्याची नजर कडेने गेली होती, डावा बराच चांगला होता. काका उंच, शांत, विचारलं तेवढंच बोलणारे. काकू ठेंगण्या, हाताने बोलणाऱ्या. मी शिकवलं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर करून दाखवलं. मान मागे, खालची पापणी जराशी ओढून खोबणी करायची, बाटलीचं तोंड डोळ्याला न लावता एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

"दोन थेंब घातले तर लवकर बरं होईल काय?" काकूंनी विचारलं.

"डोळ्यात एकच मावतो काकू. दुसरा वाहून जातो."

पुढची काही वर्षं सगळं सुरळीत होतं. चांदीपहून शिरसाडपर्यंत टमटम आणि तिथून बस, असं करत दोघं ठरल्या तारखेला हजर. काका आत, काकू बाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी. पिशवीत माझ्यासाठी कधी वाल, कधी तोंडली. मी दर वेळी म्हणायची, "काकू, आलाच आहात तर तुमचाही दाब बघते. चाळिशीनंतर सगळ्यांनीच बघावा." डॉक्टरही म्हणायचे. काकू हसून हात उडवायच्या. "एका घरात दोन-दोन डोलेवाले कशाला? माझा बाजारातला चष्मा हाय, त्याच्यात सुई ओवते मी." धरून तर तपासता येत नाही.

मग काकांचा दाब वाढू लागला. आधी थोडा, नंतर चांगलाच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच, "औषध चुकतंय का?" काकू दुखावल्या. "दिवा चुकेल, पन थेंब नाय चुकत. यांना इचारा." काका मान हलवून म्हणाले, "रोज घालते ती." आणि ते खरं होतं. बाटलीही दर महिन्याला बरोबर संपायची. डॉक्टरांनी दुसरं औषध वाढवलं, सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळी दोन्ही औषधं आली म्हणून मी सांगितलं, पहिल्यानंतर पाच मिनिटं थांबा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. काकूंनी तेही सुरू केलं. दाब उतरला नाही. उजवा डोळा जवळजवळ गेला आणि डाव्याची नजर आखडायला लागली.

काही पेशंटना औषध लागू पडत नाही, तसंच असेल असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल बोलायच्या बेतात होते. त्या दिवशी ते भिंगातून काकांचा डोळा बघत होते, बघता बघता थांबले आणि मला बोलावलं.

"हे बघा."

काकांच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, बारीक काळी लव उगवली होती. दोन्ही बाजूंना. या संध्याकाळच्या औषधाची ती खूण. ते जिथे पडतं तिथे केस वाढतात. नीट औषध घेणाऱ्यांच्या पापण्या नव्या नवरीसारख्या लांब होतात, बायका त्यावरून चेष्टाही करतात. काकांच्या पापण्या आखूडच होत्या.

"औषध कुठे पडतंय बघा," डॉक्टर म्हणाले. "काकूंना घालून दाखवायला सांगा."

मी काकांना माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, काकूंना आत बोलावलं आणि डोळे कोरडे पडतात त्यांना देतात ती साधी बाटली त्यांच्या हातात दिली. काकूंनी पिशवी खाली ठेवली. डाव्या हाताने काकांचं कपाळ चाचपलं, तिथून बोटं खाली आणत पापणी शोधली, ओढली. उजवा हात वर नेला. बाटली दाबली. थेंब गालाच्या हाडावर पडला आणि कानाकडे ओघळला. मग दुसरा डोळा. तो थेंब नाकाच्या दांड्यावर पडला.

"झालं," काकू म्हणाल्या आणि बाटलीला टोपण लावलं.

काकांनी दोन्ही डोळे मिटले, मी शिकवलं होतं तसे नाकाजवळचे कोपरे दाबले आणि औषध आत गेल्यासारखे स्वस्थ बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांचा हात खांद्यावरच्या पंचाकडे गेला. सवयीने गेला तो.

मी विचारलं, "काका, थेंब आत गेला?"

"गेला की थोडा."

"थोडा म्हंजे?" काकू म्हणाल्या.

मी काकूंचा हात धरून बोटं काकांच्या ओल्या गालावर टेकवली. त्यांनी गाल चाचपला, नाक चाचपलं, मग बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"रोज असंच व्हतं?" त्यांनी काकांना विचारलं. "कधीपासून?"

"गेल्या नाय, त्याच्या आधल्या भातकापनीपासून," काका म्हणाले. "आधी एखाद येला चुकायचा. मग रोजच."

"म्हंजे दोन भातं झाली."

"तुला वाईट वाटलं असतं." काकांचे डोळे अजून मिटलेले होते. "तू सोडून दिलं असतं. दिवसभर तू कामात, मी ओटीवर. दिवा लावला का तेवढीच जवल येऊन बसतेस."

काकूंनी आवाज चढवला नाही. "मी औशद घालत व्हती," त्या म्हणाल्या, "आनि तुमी गाल पुसत व्हता."

मग काकू माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. "बाय, माझा हात का चुकतो?"

डॉक्टरांनी त्यांना तपासलं. उजव्या डोळ्याची नस पांढरीफटक पडली होती, डाव्याची बरीचशी. दाब काकांपेक्षा जास्त. मग मी त्यांना नजरेच्या मशीनवर घेतलं. ते मशीन एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं असतं. हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. उजेड चमकत होते. वर, खाली, कडेला, जवळ. बटणाचा आवाज अधूनमधून एखादा यायचा, मग बराच वेळ नाही. मी उजव्या डोळ्याला लावलं. त्यात उजेडामागून उजेड गेले, एकही बटण वाजलं नाही.

"बाय," काकू वाडग्यात तोंड ठेवूनच म्हणाल्या, "चालू कधी करनार?"

या कामात मी पुष्कळ वाईट निकाल पाहिले. पण कोणाचं एखादं वाक्य असं कानात बसलं नाही. मी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "झालं काकू."

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा डोळा गेलेला. डाव्यात मधली एक छोटी खिडकी उरलेली, म्हणून सुईचं भोक दिसतं आणि दाराची चौकट लागते. एका डोळ्याने बघणाऱ्याला अंतर कळत नाही. बाटली डोळ्याच्या वर आहे की गालाच्या, हे त्यांना दिसतच नव्हतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, नवरा-बायकोला दोघांना व्हावा हा निव्वळ योग. मुलाची मात्र तपासणी करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. प्रकाशची नंतर केली, त्याचे डोळे चांगले निघाले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यांच्या डोल्यात आता कोन घालनार?"

स्वतःबद्दल त्यांनी विचारलं ते बाहेर आल्यावर, बाकावर बसून. काका शेजारीच होते. "बाय, खरं सांग. दोन भातांच्या आधी, हात पहिल्यांदा चुकला तवा मी तुझ्याकडं आली असती, तर?"

अशा वेळी डॉक्टर सांभाळून बोलतात, मला ते कधी जमलं नाही. आणि काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मी म्हणाले, "आत्ता आहे त्यापेक्षा जास्त राहिलं असतं काकू."

त्यांनी मनगट सोडलं. काका जमिनीकडे बघत बसले. त्या दिवशी दोघं एकमेकांचा हात न धरता जिना उतरली. मी वरून बघत होते आणि दोघांपैकी कोण पायरी चुकतंय याची वाट बघावी तशी उभी होते. आम्ही फोन करून बोलावलेला प्रकाश आला आणि त्याने दोघांना दोन बाजूंना धरलं.

काकूंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दाब उतरला, खिडकी होती तेवढी राहिली. त्यानंतरही थेंब घालायचे होतेच. प्रकाशने दोघांना नायगावच्या फ्लॅटवर नेलं. सून सुजाता शिकवणी घेते, संध्याकाळी घरी असायची. तिने मोबाइलवर गजर लावला आणि सासू-सासऱ्यांना एकापाठोपाठ एक औषध घालू लागली. इतकी नीट की काकांचा दाब वाढल्यापासून पहिल्यांदाच उतरला. पण उजवा डोळा तोवर गेलेला होता आणि डाव्याची नस फार खचली होती. दाब उतरला तरी ती झिजत राहिली. असंही होतं. आपण वेळ पाळायला लागतो तेव्हा आजाराने त्याची वेळ आधीच गाठलेली असते.

नायगावला दोघांचं मन लागलं नाही, आणि मनापेक्षा पाय लागले नाहीत. चांदीपच्या घरात डोळे मिटून फिरता येत होतं. इथे काकू इमारतीच्या काचेच्या दारावर आपटल्या. काका लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरून परक्या दाराची बेल वाजवत उभे राहिले. सुजाता एकदा एकटीच मला भेटायला आली. चांगली मुलगी. म्हणाली, "ताई, भांडत असते तर मी समजू शकले असते. आई बाबांशी बोलतच नाहीत. जेवायला बसा, अंघोळीचं पाणी काढलंय, एवढंच. मी औषध घालताना बाबा विचारतात, हिचं घातलं का? तर आई मला म्हणतात, त्यांना सांग घातलं."

"त्या कशावर रागावल्यात, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"माहीत आहे. पण बाबांनी ते त्यांच्यासाठीच केलं ना?"

काकांनी जे केलं ते प्रेमाने केलं यात मला शंका नाही, आणि त्याने दोघांची नजर गेली यातही नाही.

काही महिन्यांनी दोघं चांदीपला परत गेली. औषध कोण घालणार हा प्रश्न होताच, म्हणून मी त्यांना एक युक्ती शिकवली. ज्यांचा हात कापतो किंवा नेम लागत नाही त्यांच्यासाठी ती असते. उताणं झोपायचं, डोळे मिटायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या खळग्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत घसरतो. नेम धरावा लागत नाही, हाताने खळगा चाचपला की झालं. मी दोघांना तपासणीच्या पलंगावर आळीपाळीने झोपवून सराव करून घेतला. काकांना जमलं तेव्हा ते म्हणाले, "मी हिलाबी घालीन."

"नको," काकू म्हणाल्या. "आपापलं घालायचं."

तसं चालू राहिलं. दर तपासणीला दोघांचा दाब बरा असायचा, म्हणजे थेंब जागच्या जागी पडत होता. काकूंची खिडकी शाबूत होती. त्या पुन्हा भाजी आणायला लागल्या होत्या. काकांशी दोन-चार वाक्यं बोलायला लागल्या होत्या, तीही कामापुरती.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी ती दोघं आली, बरोबर प्रकाश. मी काकांना नजरेच्या मशीनसमोर बसवलं. त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेल्या खेपेलाच अगदी संपत आलेली होती. त्यांनी हनुवटी टेकवली नाही. म्हणाले, "बाय, दार लाव."

मी दार लावलं.

"मशीन नको लावू. आता काय दिसत नाय. खिडकीकडं तोंड केलं का नुसता उजेड कलतो, बस." बाहेरच्या बाकाच्या दिशेने त्यांनी हात केला. "तिला सांगू नकोस. आत्ताच कुठं जरा बोलायला लागलीय."

मी इतकी वर्षं पेशंटच्या घरातल्या भानगडीत पडले नव्हते. तो नियमच होता आमचा. पण मी म्हणाले, "काका, हे एकदा करून झालंय. आता परत नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

त्यांनी मशीनची कड चाचपली आणि खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "बोलाव."

काकू आत आल्या, खुर्ची चाचपून बसल्या. काकांनी घसा साफ केला. "मला दिसत नाय आता. डावाबी गेला."

काकूंचा चेहरा हलला नाही. "ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पावसालाभर तुमी चहाचा कप चाचपता. मी मुद्दाम एकाच जागी ठेवते."

"मग बोलली का नाय?"

"तुमी सांगाल म्हनून थांबली."

काकांनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि परत लावला. कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मग काकूंनी हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. तो काढला नाही.

डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि सांगितलं की डोळा दुखत नाही तोवर औषधाची गरज नाही, बंद केलं तरी चालेल. काकूंचं मात्र एक दिवसही चुकवू नका. प्रकाशने मान हलवली. बाकी सगळे उठले, काका बसूनच राहिले.

"म्हंजे संध्याकाली मी काय करू?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला. काकू दारापर्यंत गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माझा थेंब पडला का नाय ते इचारत जा. मी खरं काय ते सांगीन."

त्यानंतर दोघं मला भेटली नाहीत. मी निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात नायगावच्या बाजारात सुजाता भेटली. सुट्टीत मुलांना घेऊन चांदीपला राहून आली होती. सांगत होती, दिवा लावून झाला की आई खाटेवर उताण्या झोपतात आणि बाबा उशाशी येऊन बसतात. आईंनी थेंब सोडला की बाबा विचारतात, "पडला?" बहुतेक वेळा आई "पडला" म्हणतात. कधी म्हणतात, "चुकला." मग बाबा त्यांचा गाल पंचाने पुसतात आणि आई पुन्हा बाटली उघडतात.

दाब कसा आहे, असं मी विचारलं. सवयच ती. सुजाता म्हणाली, मागच्या महिन्यात बघितला, चांगला आहे. खिडकी आहे तेवढीच आहे. आईंना मुलांचे चेहरे दिसतात, पण एका वेळी एकाच मुलाचा.